पंचहजारी

खरं नाव सांगत नाही. सोसायटीत त्यांना सगळे पंचहजारीच म्हणतात. ही मनसब कुठल्या बादशहानं दिलेली नाही, त्यांनी ती स्वतःच्या जिभेवर कमावली आहे. पुण्यात सायकल घ्यायचं नुसतं मनात आणा, हे दारात उभे. "बजेट किती?" तुम्ही आकडा सांगता. ते डोळे मिटतात, तुमची कीव केल्यासारखी मान हलवतात आणि म्हणतात, "अजून पाच हजार घाला."

आकडा कितीही असो. वीस म्हणालात तरी पाच, साठ म्हणालात तरी पाच.

माझा भाचा नुकताच नोकरीला लागलाय. रविवारी खडकवासल्यापर्यंत जावं, कांदाभजी खावी, परत यावं, एवढीच त्याची सायकलीकडून अपेक्षा. त्यासाठी चाळीस हजार बाजूला काढलेले. आणि जिन्यात त्यानं तोंड उघडलं ते नेमकं पंचहजाऱ्यांसमोर.

"चाळिसात येते की! पण तसल्या काही सायकलींचा गिअरचा खटका खाली फ्रेमच्या दांडीवर असतो. हात सोडून वाकायचं. तेवढ्यात समोरून पीएमटी आली तर? पाच घाल, शिमानोचा क्लॅरिस बघ. ब्रेकच्या दांडीतच गिअर, मागं आठ."

भाच्यानं मनातल्या मनात पाच घातले.

"आता इतके घालतोच आहेस तर पुढचा चिमटा कार्बनचा घे. आपले स्पीडब्रेकर मनगटात उतरत नाहीत. अजून पाच."

"काका, मी फक्त खडकवासल्याला..."

"मग सोराच घे ना! मागं नऊ."

"आठात आणि नऊत फरक काय हो?"

"एकाचा," पंचहजारी गंभीरपणे म्हणाले. "पाच हजार घाल."

नवाच्या वर टियाग्राचे दहा आहेत, हे त्यांनी पाठोपाठ सांगितलंच. मग शिरस्त्राण, दिवे आणि पंप. पंप स्वतःचाच हवा, कारण या सायकलींच्या बारीक व्हॉल्व्हला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड बसत नाही. त्याचे सगळे मिळून किती धरायचे, ते तुम्हाला आता पाठ झालं असेल. भाचा कुरकुरला तेव्हा त्यांनी थेट नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू काढले. हितेंद्र आणि महेंद्र या दोघांनी 2015 मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पुरी केली, जवळजवळ 4,800 किलोमीटर. भजी खायला निघालेल्या माणसाला हे ऐकवायचं कारण काय? पण भाचा त्या रात्री साठ हजारांचा हप्ता किती बसतो ते बघत होता.

या उपदेशाचं फळ बघायचं असेल तर आमच्या बाल्कन्या बघा. कार्बनच्या चिमट्यावर मोज्यांची रांग, खाली वळलेल्या हँडलवर पंचे. त्या हँडलवर पंचा छान वाळतो, हे मात्र खरं.

मग भाच्याला एका दुकानात गेल्या वर्षीचं मॉडेल सापडलं. सोरा, कार्बनचा चिमटा, सगळं आणि तरीही चाळिसाच्या आत! अडचण एवढीच की मापं संपली होती, 58 चीच फ्रेम उरलेली. आणि भाचा पाच फूट पाच इंच. पंचहजाऱ्यांनी त्याला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं आणि मांड्यांमध्ये धरायला जाड पुस्तक शोधू लागले. हात ज्ञानेश्वरीकडे जाताच काकूंनी तो मधल्यामध्ये अडवला. अखेर इन्कम टॅक्सच्या जुन्या ग्रंथावर भागलं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावून ते म्हणाले, "ती सायकल फुकट दिली तरी आणू नको. गिअर पुढं बदलता येतात, टायर बदलता येतात. फ्रेमचं माप बदलत नाही. हँडल गाठायला ताणत बसशील, मान धरेल आणि महिन्यात पंचे वाळत घालशील."

मग त्यांनी त्याला सी विंगमधल्या एका बाल्कनीत नेलं. पंचा बाजूला केला. क्लॅरिसची, अॅल्युमिनियमची, बरोबर 52 ची. मालकानं अठरा हजारांत दिली आणि वर जागा मोकळी झाली म्हणून चहा पाजला. वेल्डिंगपाशी कुठं तडा गेलाय का, ते पंचहजाऱ्यांनी गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. चेन, टायर, ब्रेकच्या केबल नव्या घातल्या, स्वतःच्या हातानं. मजुरी विचारली तर चिडले. भाच्यानं भीत भीत "सोरा?" म्हटलं, तर म्हणाले, "तुला एवढी पुरे." हा शब्द त्यांना येतो, हे सोसायटीला तेव्हा कळलं.

ही सायकलही मुळात त्यांनीच पाच हजार घालून घ्यायला लावलेली होती, हे सांगायला नकोच. न सांगितलेलं निराळंच होतं आणि ते सी विंगच्या मालकिणीकडून कळलं. दर महिन्याला पंप घेऊन हा माणूस त्या सगळ्या बाल्कन्यांतून फिरतो. आपल्या सल्ल्यानं आलेल्या आणि कुणी न चालवणाऱ्या सायकलींमध्ये हवा भरतो. चाक एकदा गरकन फिरवून बघतो. "बसून टायर चपटे होतात," एवढंच म्हणतो आणि जातो. एकदा एका घरी कुलूप होतं, तर पुन्हा संध्याकाळी आला.

भाचा रविवारी जातो. भजी खातो, नांदेड सिटीपाशी दमतो, परत येतो. पंचहजारी त्याला आता सीट बदलायला सांगतायत.

तुम्हाला घ्यायची असेल तर आधी पायाचं माप घ्या, मग ओळखीच्या बाल्कन्या धुंडाळा. आणि सल्ला यांचाच घ्या, फक्त बजेट पाच हजारांनी कमी सांगा.