मामांचा चेहरा आणि कांद्याचा भाव

मामांच्या पंच्याहत्तरीला दहा मिनिटांची फिल्म करायची ठरली. ज्याच्या हातात मोबाइल त्यानं शूटिंग केलं आणि सगळा माल माझ्या लॅपटॉपवर आणून ओतला. लासलगावात कांदा आला की आधी निवड होते: गोल्टी वेगळी, जोडकांदा वेगळा, सडका बाहेर. एडिटिंग म्हणजे तीच निवड. फरक इतकाच की बाजूला काढलेली गोल्टी वर्षभर अबोला धरत नाही.

शॉट किती वेळ ठेवायचा? शास्त्र सांगतं, बघणाऱ्याला त्यातलं कळेपर्यंत. आमच्याकडे ते नात्यावर ठरतं. थोरल्या मावशीपेक्षा धाकटी दोन सेकंद जास्त दिसली, तर त्या दोन सेकंदांचा हिशेब पुढच्या दिवाळीपर्यंत चालतो.

खरी पंचाईत केली ती बाजार समितीतल्या लिलावानं. एका मावसभावानं ट्रॅक्टर रस्त्याच्या अलीकडून टिपला, दुसऱ्यानं पलीकडून. एका शॉटमध्ये ट्रॉली डावीकडून उजवीकडे निघते, लगेच पुढच्यात उजवीकडून डावीकडे. दोन्ही जोडले की मामा भाव ऐकूनच माघारी फिरले असं वाटतं. (तसं ते एकदा खरंच फिरले होते, पण पंच्याहत्तरीला ते कशाला?) कॅमेऱ्यानं मनातल्या रेषेच्या एकाच बाजूला राहायचं, हा 180 अंशांचा नियम. तो मोडला की मध्ये तिसरंच काहीतरी घालावं लागतं. मी कांदा दाबून बघणारा व्यापाऱ्याचा हात घातला, आणि लिलावाचा पुकारा तो हात दिसायच्या आधीच सुरू केला. आवाज पुढे, चित्र मागून. याला जे-कट म्हणतात. सांधा कुठे आहे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

हॉलमधल्या दिव्यांवर मात्र इलाज नव्हता. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. मोबाइलचं शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं तर ते खपून जातं, नाहीतर काळे पट्टे सरकत राहतात. धाकट्या मावशीच्या पैठणीला आता येवल्याच्या विणकरालाही ठाऊक नसलेले आडवे काठ आहेत.

घरबसल्या फिल्म जोडायची परंपरा तशी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, आणि पुढे फिल्मला भोकं पाडण्यापासून ती जोडण्यापर्यंत पत्नी सरस्वतीबाई हाताशी होत्या. मला हाताशी मामी होत्या. त्या फक्त ‘माझ्या माहेरचे कुठेत?’ एवढंच विचारत.

मामांचा चेहरा मात्र एडिटरला वरदान. कांदा हजारानं जावो की तीन हजारानं, रेघ हलत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात दिग्दर्शक कुलेशोव्हनं एकाच कोऱ्या चेहऱ्याला सूप, शवपेटी वगैरे जोडून दाखवलं. लोकांना त्याच चेहऱ्यावर भूक दिसली, दुःख दिसलं. मी मामांपुढे जिलबीचं ताट जोडलं, मामा हपापलेले. ट्रॉली जोडली, चिंतातुर. मामी जोडल्या, तर सगळा हॉल हसला.

फिल्म संपल्यावर मामी म्हणाल्या, “छान झालंय रे. आता न कापलेलं लाव.”