ताऱ्यांची उचल

अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला तो शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ साली, असं परंपरा सांगते. तेव्हापासून आजवर त्यांनी कुणाला 'सर, दोन ओळी टाका ना' म्हटल्याची नोंद नाही. उलट ते आमचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, यावर विद्वानच भांडत बसले. आमच्याच गावच्या दासोपंतांनी 'गीतार्णवा'च्या सव्वा लाख ओव्या रचल्या. रोज एका ढब्बू पैशाची शाई संपवायचे म्हणतात. कागदावर भागलं नाही म्हणून की काय, चाळीस फूट लांबीच्या पासोडीवरही लिहिलं. ती पासोडी अजून आहे. तिच्याखाली तारे नाहीत.

आमच्या कादंबरीकार मित्राचा शाईचा खर्च शून्य, पण मोबाईलचा डेटा दुपारीच संपतो.

कादंबरी ऊसतोडीवर आहे. प्रकाशन झालं दसऱ्याच्या आठवड्यात. मुहूर्त उत्तम, पण तिच्यात ज्यांचं दुःख मांडलंय ती माणसं त्याच सुमारास बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेली. सभागृहात उरलो आम्ही, म्हणजे ज्यांनी आयुष्यात कोयता धरला तो नारळ फोडायला.

दुसऱ्या दिवसापासून ऑनलाइन दुकानातल्या अभिप्रायाची लिंक सुरू झाली. पहाटे गुलाबाच्या फुलाखाली लिंक. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या मागोमाग लिंक. एका तेराव्याला मी सांत्वनाचे दोन शब्द शोधत होतो, तर हा कानाशी येऊन म्हणाला, "तुमचं अजून पडलं नाही." मला वाटलं, आहेराचं म्हणतोय.

कोपऱ्यावरचा किराणावाला त्यातल्या त्यात मवाळ.

"तारे किती द्यायचेत, सर?"

"पाच."

"सहा न्हाईत का?"

पण साइटचा नियम आडवा आला. गेल्या वर्षभरात तिथं ठरावीक रकमेची खरेदी केलेली नसेल, तर मत देता येत नाही. "म्या कशाला तिथं घेऊ? माझं गिऱ्हाईक त्यांनीच तर पळवलंय," किराणावाला म्हणाला. पण लेखकाची चिकाटी मोठी. अखेर त्या भल्या माणसाने स्वतःच्या फळीवरच असलेला साबण खोकीच्या खोकी ऑनलाइन मागवला. चौथ्या दिवशी साबण आला आणि पाठोपाठ पाच तारे पडले. पुस्तक वाचलं का, हे ना लेखकाने विचारलं, ना साइटने.

एकेक गिऱ्हाईक असं पकडून पुरेना, तेव्हा कादंबरीकाराने बीडची जुनी रीत काढली: मुकादम नेमला. कॉलेजातलं एक तरतरीत पोरगं. त्याने टोळी बांधायची, लेखकाने उचल द्यायची. उचल म्हणजे डोईला एक प्रत आणि एक प्लेट भेळ. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसे इथे एका घरातले दोन मोबाईल मिळून एक कोयता. मजकूर लेखकाने स्वतःच पुरवला: 'मराठवाड्याच्या मातीचा हुंकार.' मी जरा नाक मुरडलं, तर त्याने थेट वॉल्ट व्हिटमन काढला. १८५५ साली 'लीव्हज ऑफ ग्रास' आलं, तेव्हा त्या महाकवीने आपल्याच पुस्तकाची निनावी परीक्षणं छापून आणली होती. गोष्ट खरी आहे. फक्त व्हिटमनने प्रत्येक वेळी मजकूर वेगळा लिहिला होता.

आठवड्यात एकेचाळीस हुंकार जमले. दिल्लीत भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' नावाचं मानक काढलं, त्यात अभिप्राय लिहिणारा खरा आहे का हे तपासायला सांगितलंय. मानक ऐच्छिक आहे. आमच्याकडे ऐच्छिक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मग एका रात्री टोळी पळाली. सकाळी पाहतो तर एकेचाळीसचे चाळीस हुंकार गायब. साइटने का काढले, कळायला मार्ग नाही. सगळे एकाच वळणाचे होते एवढं खरं. उचल बुडाली. भेळ तर वसूलही करता येत नाही. मुकादमाने फोन बंद ठेवला, हेही रीतीला धरूनच.

राहिला तो एकच अभिप्राय, आणि तो टोळीतला नव्हताच. कुठल्याशा फडावरच्या कोपीतून एका मुलीने लिहिलेला. तारे तीन. 'माझी आई रडली, तिला मी वाचून दाखवलं. पण सरांनी मोळी पाचटाने बांधली आहे. पाचट वाळलेलं असतं, तुटतं. मोळी वाढ्याने बांधतात. आणि बाईला पहाटे चारला उठवलंय. चारला आमचा स्वयंपाक होऊन गेलेला असतो.'

कादंबरीकार संध्याकाळी घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "एवढं सरासरी खाली ओढायलंय बघा. सगळ्यांनी मिळून तक्रारीचं बटण दाबलं तर जाईल. तुम्ही सुरुवात करा."

मी त्याच्यासमोरच मोबाईल काढला आणि बटण दाबलं. त्या अभिप्रायाखाली आता लिहून येतं: 'सात जणांना हे उपयुक्त वाटले.' सातवा मी.