कर्जासह औद्योगिक अभियंता : मोहगावच्या नवशिक्यांसाठी सोपी कृती

औद्योगिक अभियांत्रिकी म्हणजे काय, हे चौकात समजावून सांगायची एक सोपी रीत आहे. यंत्र बनवतो तो मेकॅनिकल, यंत्राला वीज देतो तो इलेक्ट्रिकल, आणि हे दोघं यंत्रापाशी किती वेळ नुसते उभे होते हे घड्याळ लावून मोजतो तो इंडस्ट्रियल. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथनं गवंड्याच्या हालचाली मोजल्या आणि एक वीट रचायला लागणाऱ्या १८ हालचाली ५ वर आणल्या. तेव्हापासून वाया जाणारा वेळ, माल आणि पैसा हुडकणं हा या शाखेचा धंदा आहे.

पंचाईत एवढीच की आपलीच चार वर्षं आणि सहा लाख वाया जाणार का, हे काढायला शिकवणारा ‘इंजिनीअरिंग इकॉनॉमिक्स’चा पेपर फी भरून झाल्यावर येतो. म्हणून तो इथे आधीच सोडवून देत आहोत.

साहित्य

गणित घेऊन बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, एक. समग्र आयडी, मूल निवासी आणि उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकी तीन झेरॉक्स. शेताचा खसरा आणि बी-१. साधा कॅल्क्युलेटर. नागपूरचे एक मामा, ज्यांच्या ओळखीतल्या कोणाला तरी नुकतंच बारा लाखांचं पॅकेज लागलेलं असतं. मामा आणि कॅल्क्युलेटर एकाच खोलीत ठेवू नयेत.

कृती

१. आपण कोणत्या राज्यात आहोत ते बघा. हे सोपं वाटतं, पण सौंसर-पांढुर्ण्याकडच्या माणसाला दरवेळी नव्यानं बघावं लागतं. घरात बोली मराठी, बाजार नागपूरचा, दवाखाना नागपूरचा, लग्नाचा बस्ता नागपूरचा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आपल्याच राज्याची राजधानी होती. त्या दिवशी राजधानी भोपाळला गेली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आणि आपण होतो तिथेच राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तरी राज्य बदललं नाही.

प्रवेशाच्या फॉर्मवर याची किंमत लागते. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांना राखीव आहेत. आपली राखीव जागा भोपाळच्या मॅनिटमध्ये. रामदेवबाबा कॉलेजनं इंडस्ट्रियलची पदवी वर्षानुवर्षं शिकवली, पण तिथे आपण परराज्यातले. महाराष्ट्र सरकारच्या फी-सवलती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. आपल्या राज्यात ही शाखा ‘इंडस्ट्रियल अँड प्रॉडक्शन’ या नावानं इंदूरच्या एसजीएसआयटीएसमध्ये आणि जबलपूरच्या सरकारी कॉलेजात मिळते. तात्पर्य, जे कॉलेज घरापासून जवळ ते खिशापासून लांब.

२. कर्ज मोजा. मागितलेलं नाही, फेडायचं. बँकेत शिरताना सहा लाख म्हणतात. दरवर्षी दीड लाख, चार वर्षं. व्याज १० टक्के धरू. कोर्स आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नसतो. बँक याला सवलत म्हणते, आणि ती आहेच. पण व्याजाचं मीटर त्या काळात चालूच असतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. सरळ व्याजानं हे २ लाख १० हजार होतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ८ लाख १० हजार.

ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १०,७०० रुपये. एकूण पावणेतेरा लाखांच्या वर. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ८,७०० वर येतो आणि एकूण भरणा साडेपंधरा लाखांच्या पुढे जातो. हप्ता हलका करून मागितला की कर्ज जड होतं, हे नवशिक्यानं इथेच लिहून ठेवावं.

३. पॅकेज सोला. संत्रं सालीसकट कोणी खात नाही, पॅकेज मात्र लोक सालीसकट सांगतात. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिना ३०,००० असं मामा म्हणतील. त्यातून कंपनीनं भरायचा पीएफ काढा, ग्रॅच्युइटी काढा, विम्याचा हप्ता काढा, ‘कामगिरीनुसार’ मिळणारी आणि बहुधा न मिळणारी रक्कम काढा, मग आपल्या वाट्याचा पीएफ काढा. हातात २५,००० उरले असं धरू. नोकरी चाकण किंवा पीथमपूरला असेल तर खोली आणि मेस त्यातूनच.

कॉलेजच्या गेटवरच्या फलकावर सर्वात मोठ्या पॅकेजवाल्याचा फोटो असतो. त्याला नमस्कार करून आत जा आणि मध्यक पगार विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधला येतो तो. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना हा आकडा जाहीर करावा लागतो, आणि त्याच तक्त्यात किती मुलं वेळेत पास झाली आणि किती नोकरीला लागली हेही असतं. सरासरी विचारू नका. एक पोरगं अमेरिकेला गेलं की सरासरी अख्ख्या वर्गाला विमानात बसवते.

४. ना नफा-ना तोटा बिंदू काढा. आता न घेतलेल्या पदवीचाही पगार मांडायचा. समजा हेच पोरगं आयटीआय करून बोरगावच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे रेमंडचा कारखाना आहे, कुठेतरी १५,००० वर लागलं असतं. पदवीनंतर २५,०००. फरक १०,०००. हप्ता १०,७००. म्हणजे इंजिनीअर झाल्याबद्दल महिन्याला सातशे रुपये खिशातून जातात.

इथे बरेच नवशिके कॅल्क्युलेटर मिटवतात आणि बगीच्याकडे निघतात. थांबा. हप्ता दहा वर्षं तेवढाच राहतो, पगार राहत नाही. पाचव्या वर्षी इंजिनीअरचा पगार ४५,००० झाला आणि आयटीआयवाल्याचा २०,०००, तर फरक २५,००० चा होतो आणि हप्ता त्यात सहज बसतो. झाला नाही, तर नाही. सगळी मेख इथे आहे. म्हणून यंदा कोणाला किती लागलं यापेक्षा, पाच वर्षांपूर्वी त्याच कॉलेजातून, त्याच शाखेतून निघालेली पोरं आज कुठे आहेत, हे विचारा. त्यांतली निम्मी स्पर्धा परीक्षेच्या लायब्ररीत भेटली, तर ते तुमचं उत्तर आहे.

५. आता वाईट धरून तोच हिशेब पुन्हा करा. हप्ता सुरू होताना कायम नोकरीऐवजी अप्रेंटिसशिपच चालू असली तर? २०१९ च्या नियमांत पदवीधर अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन महिन्याला ९,००० ठरलं होतं. एवढ्यात आपला हप्ताही बसत नाही. एखादं वर्ष बॅकलॉगमध्ये गेलं तर? हप्ता न भरण्याचं वर्ष कधी संपलं हे बँकेच्या लक्षात असतं, आपल्या नाही. ज्या हिशेबात सगळं वेळेवर आणि मनासारखं होतं, त्याला इंडस्ट्रियलच्या परीक्षेत शून्य मिळतं.

६. वाया जाणारं काढून टाका. हे या शाखेचं मुख्य काम, त्यामुळे जरा सविस्तर.

बारावीला एमपी बोर्डात ७० किंवा सीबीएसईत ८५ टक्के असतील, जेईई मेनचा रँक दीड लाखाच्या आत असेल आणि उत्पन्नाची अट बसत असेल, तर २०१७ पासूनची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना सरकारी कॉलेजची फी भरते. खासगी कॉलेजात दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, यातली कमी असेल ती. मूल निवासी दाखल्याचा एवढा रोकडा उपयोग दुसरीकडे क्वचितच होतो.

घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या योजनेतून हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज माफ होऊ शकतं. वरच्या हिशेबातले २ लाख १० हजार तिथेच उडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे, पण कॉलेज त्यांच्या यादीत असावं लागतं. आधी यादी बघावी, मग कॉलेजचा बगीचा.

साडेसात लाखांच्या आतल्या शैक्षणिक कर्जाला सहसा शेत तारण लागत नाही. म्हणून साडेसातच्या वर जाण्याआधी खसऱ्याची झेरॉक्स परत पेटीत ठेवा आणि हॉस्टेलचा खर्च पुन्हा मोजा.

दहावीनंतर पॉलिटेक्निक करून पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो. दहावीपासून मोजली तर एकूण वर्षं तेवढीच लागतात, पण पदवीच्या एका वर्षाची फी वाचते, आणि मधेच थांबावं लागलं तरी हातात डिप्लोमा असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एवढं मोजून कोणी शिकतं का बाप्पा?*
संत्र्याची कलमं लावताना पाण्याचा, मजुरीचा, फवारणीचा हिशेब आपण करतोच. पोरगं कलमापेक्षा महाग पडतं.

*पाहुणे म्हणतात, पदवीशिवाय पोराला पोरगी मिळणार नाही.*
हा लाभ हिशेबात धरायला हरकत नाही. मात्र हप्ता चालू आहे हे बैठकीतच सांगावं. लग्नानंतर कळलं की तोट्याच्या रकान्यात जातं.

*किती पगार पुरे?*
हातात येणाऱ्या पगारातून खोली, मेस आणि घरी पाठवायचे पैसे वजा करा. उरलेल्यात हप्ता बसला पाहिजे, तोही वर्गातल्या सर्वात कमी पगारवाल्याच्या पगारातून. तसा बसला तर निर्धास्त सही करा. फक्त पहिल्या नंबरवाल्याच्या पगारातूनच बसत असेल, तर पोरगं पहिलं येईपर्यंत थांबा.

*पोरगं म्हणते, इंडस्ट्रियल नको, कॉम्प्युटरच पाहिजे.*
हाच कागद वापरा. शाखेचं नाव खोडून दुसरं लिहा. हप्त्याचा आकडा बदलावा लागणार नाही.