आंबट आणि तांबट

तांबे सौम्य आम्लात विरघळत नाही, तांब्याचे ऑक्साइड मात्र विरघळते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचा व्यवसाय या एका वाक्यावर चालत आला आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी येथे हंडे, कळशा, घंगाळी आणि बंब घडवले, आणि आळीला त्यांचेच नाव मिळाले. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की कडक होतो आणि त्यानंतरही ठोकत राहिले तर चिरतो. (जुन्या मास्तरांना यातील पहिला भाग ठाऊक होता.) म्हणून तो मधूनमधून भट्टीत लाल करून मऊ करावा लागतो. त्या उष्णतेत हवेतील ऑक्सिजन तांब्याला चिकटतो आणि भांडे काळे पडते. हे काळे म्हणजे कॉपर ऑक्साइड. धातूंची ऑक्साइडे बहुधा आम्लारी गुणाची असतात. त्यामुळे भांडे सौम्य गंधकाम्लात बुडवले की ऑक्साइड आणि आम्ल यांच्यातून मोरचूद आणि पाणी तयार होते, द्रव निळसर होतो आणि खालून गुलाबी तांबे वर येते. आम्लाने मळ नेला, भांडे ठेवले. धोब्यांकडूनही याहून जास्त अपेक्षा नसते.

आम्ल भांड्याला का सोडते, याचे उत्तर धातूंच्या क्रियाशीलता श्रेणीत आहे. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, मग हायड्रोजन आणि त्याखाली तांबे, पारा, चांदी, सोने. विसर्जन मिरवणुकीतील मानाच्या पाच गणपतींप्रमाणे हा क्रमही ठरलेला आहे. फरक इतकाच की येथे पहिला मान सर्वांत तापट धातूला मिळतो. पोटॅशियम पाण्याच्या नुसत्या स्पर्शाने पेट घेते, म्हणून ते रॉकेलमध्ये ठेवतात. तळाचे सोने कोणाशी बोलत नाही. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल तीनास एक या प्रमाणात एकत्र येऊन भेटायला आले तरच विरघळते. कमी बोलण्याबद्दल इतका भाव पुण्यातही फक्त सोन्यालाच मिळतो. हायड्रोजन धातू नसूनही पंगतीत बसवलेला आहे, कारण त्याच्या वरचे धातू त्याला आम्लातून हुसकावतात, खालचे नाही. तांबे खालच्या बाजूला आहे. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला तर लोखंड तांब्याला उठवून त्याच्या जागी बसते आणि खिळ्यावर तांबूस थर चढतो. भाडेकरू कायदा या श्रेणीला लागू नाही.

आळीतून भांडे घरात आले की आम्ल बदलते, क्रिया बदलत नाही. चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक, दह्यात लॅक्टिक आम्ल असते. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासले की बंब लखलखतो. मिठातील क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे काम लवकर उरकते. मात्र हीच चिंच कटाच्या आमटीत घालून आमटी तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवली तर ती कळकते. आम्ल एकटे तांब्याचे काही बिघडवू शकत नाही. पण हवेतील ऑक्सिजन मदतीला येतो, तो तांब्याचे ऑक्साइड करतो आणि आम्ल त्याचा क्षार करते. तांब्याचे क्षार पोटात गेले की मळमळ आणि उलट्या होतात. पुराणात कोणाला शाप मिळाले नसतील इतके कळकलेल्या ताकाला मिळाले आहेत.

यावरचा उपाय कल्हई. भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकतात. उष्णतेने नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइड खातो आणि स्वच्छ झालेल्या तांब्यावर कथील कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात पसरते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, म्हणून आतले पाघळले तरी बाहेरचे जागचे हलत नाही. वर जो पांढरा धूर उठतो तो पुन्हा नवसागरच: तापल्यावर वेगळे झालेले दोघे गारव्यात येताच एकत्र येतात. वाड्यातल्या भाऊबंदांबाबत असा अनुभव कमी आहे.

आम्लारींचे प्रकरण मराठीत शब्दांमुळेच अवघड होऊन बसले आहे. शाळेच्या पुस्तकात आम्ल व आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून मिळतो तो क्षार. मीठ हा त्यांपैकी एक. वैद्यांचा क्षार मात्र आम्लारी गुणाचा, जळजळीत. बोअरच्या पाण्यात क्षार आहेत म्हणणारा प्लंबर पुस्तकाच्या बाजूचा. पापडखार तर जन्माने क्षार आणि स्वभावाने आम्लारी, त्यामुळे परीक्षेत त्याचे नाव न आलेलेच बरे. चुलीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, आणि त्याची पूर्वी तेलकट भांड्यांवर साबणाऐवजी मदत होई. आम्लारी ओळखायला लिटमस लागतोच असे नाही. पिवळा हळदीचा डाग साबण लावताच तांबडा होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी कृती याच गुणावर चाले. म्हणजे हळद आणि कुंकू ही एकाच दर्शकाची दोन मते. आम्लता मोजण्याची सामूची मोजपट्टी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, बिअर बनवणाऱ्यांकडे, सोरेनसन यांनी मांडली. लिंबाचा सामू दोनच्या थोडा वर आणि दह्याचा साडेचारच्या आसपास. एका पायरीचा फरक दहापटीचा असल्याने लिंबू दह्याच्या शंभरपटीहून अधिक आम्लधर्मी ठरते.

पुढे स्टेनलेस स्टील आले आणि चिंच, राख, नवसागर तिघांनाही घरात फारसे काम उरले नाही. त्यातील क्रोमियम श्रेणीत तांब्याच्या बरेच वर आहे. पण त्याच्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर खालच्या धातूला झाकतो, त्यामुळे चिंचेला पोहोचायला वाव मिळत नाही. भांड्यात लोखंड, क्रोमियम आणि बहुधा निकेल असते, तांबे असलेच तर नावापुरते. पाहुणा आला की पाणी त्यातूनच आणतात आणि त्याला तांब्या म्हणतात.