माऊसला हात न लावता

सॉफ्टवेअरमधल्या माणसाकडे पगारापेक्षा मतं जास्त असतात. माझ्याकडेही आहेत. पांढऱ्या पडद्यापेक्षा काळा बरा. दर आठवड्याला अपडेट मागणारं अ‍ॅप म्हणजे अधिक महिन्यातला जावई, कामाचं काही नाही, पण आधी त्याचं करा. आणि खरा प्रोग्रामर विम या एडिटरमध्येच कोड लिहितो. बिल जॉयने 1976 मध्ये व्हीआय लिहिला, त्याच्याच वळणावर ब्राम मोलेनारने 1991 मध्ये विम आणला. त्यात माऊस लागत नाही, सगळं कीबोर्डवर. (विममधून बाहेर कसं पडायचं, असं विचारणाऱ्यांकडे आम्ही दयेने बघतो.)

ही मिजास सुरतच्या डिंडोलीत चालत नाही. आमच्या सोसायटीत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पुष्कळ घरं. खालच्या मजल्यावरची मुलगी रिंगरोडच्या कापड मार्केटात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसते. एफ 8 दाबलं की विक्री, एफ 9 खरेदी, एफ 5 दिलेले पैसे, एफ 6 आलेले. शेठशी गुजरातीत, कानाशी धरलेल्या फोनवर आईशी अहिराणीत, आणि मधल्या मध्ये बिल तयार. माऊसवर धूळ. विमची बढाई मी तिच्यासमोर एकदाच मारली. ती म्हणाली, "मग त्यात जीएसटी निघतो का?"

टॅलीचं मूळही कापडाच्याच आसपासचं. श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना यंत्रांचे भाग पुरवायचे. हिशेबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, त्यांनी ते लिहायला बसवलं. साल 1986. पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, सुरतच्या कापड व्यापाऱ्यांनी मार्केट बंद ठेवलं, मोर्चे काढले. कर राहिला, मार्केट उघडलं आणि टॅली येणाऱ्याची खुर्ची पक्की झाली. बापाच्या धंद्याची अडचण पोराने सोडवावी, यापेक्षा चांगली कल्पना मी आमच्या मीटिंगांमध्ये अजून ऐकलेली नाही.

माझं दुसरं मत क्लाउडबद्दल होतं. सगळं वर ठेवावं, कुठूनही उघडावं. पण इथल्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात डिझाइन पेनड्राइव्हवरून मशीनमध्ये जातं. फाइल डीएसटी, म्हणजे ताजिमा या जपानी मशीन कंपनीचा जुना प्रकार. सुई कुठे सरकायची, धागा कुठे बदलायचा, एवढंच तिला ठाऊक. बदलून कुठला रंग लावायचा, हे त्या फाइलीत नसतंच. मग कारागीर मशीनवर चिठ्ठी चिकटवतो: एक लाल, दोन जरी, तीन पोपटी. नोंदी ठेवायची पाच-सहा अ‍ॅपं मी वापरून सोडली. त्यांतलं एकही या चिठ्ठीइतकं जागच्या जागी नव्हतं, आणि चिठ्ठीने मला कधी पासवर्ड विचारलेला नाही.

माझ्या सल्ल्याने सोसायटीत रुजलं असं अ‍ॅप एकच, व्हेअर इज माय ट्रेन. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्सने केलेलं, 2018 मध्ये गूगलने घेतलं. यातली खरी करामत अशी की गाडीत बसलेल्या माणसाला इंटरनेट नसलं, जीपीएस बंद असलं, तरी मोबाइलच्या टॉवरवरून गाडी कुठे पोचली ते कळतं. उधना, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर या वाटेवर रेंज लपंडाव खेळते, तिथे याचं मोल कळतं. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. अ‍ॅपला त्याचं सोयरसुतक नाही. बनवणाऱ्याने वापरणाऱ्याची जागा आधी पाहिली की असं काहीतरी घडतं. आमच्याकडे हे सहसा सगळ्यात शेवटी आठवतं.

लग्नसराईत मी हे अ‍ॅप मावशीपासून वॉचमनपर्यंत दिसेल त्याच्या फोनमध्ये टाकून दिलं. परिणाम एवढाच की आता गाडी माझी झाली आहे. परवा रात्री मावशीचा उधना स्टेशनवरून फोन.

"तुझं अ‍ॅप म्हणतं चाळीस मिनिटं लेट. काय करी ऱ्हायना तू?"