स्कोअर सांगता, शेवटची बसही सांगा

सामना संपला की शहराला वाटतं, आपलं काम झालं. बाहेरगावहून आलेल्या प्रेक्षकाचं खरं काम तिथून सुरू होतं. रात्रीचे अकरा वाजलेत, जामठा स्टेडियमच्या गेटबाहेर वर्धा रोडवर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत, मोबाइलची बॅटरी संपत आलीय, ऑटोवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतोय आणि खांद्यावर झोपलेलं पोर जड होत चाललंय. भारत जिंकला असला तरी या माणसाला आता फक्त पाठ टेकायला जागा हवी असते.

आम्हा नागपूरच्या नंदनवनवाल्यांना हा माणूस चांगला माहीत आहे. तो आमच्याकडेच उतरलेला असतो.

भंडाऱ्याहून या, गोंदियाहून या, नाहीतर उमरेड-भिवापूरकडून या, नागपुरात शिरताना शहराचा हा पूर्वेचा भाग आधी लागतो. गणेशपेठचं एसटी स्टँड जवळ. शिवाय केडीके कॉलेजमुळे इथे गल्लोगल्ली पोरांच्या खोल्या. गडचिरोलीचा, चंद्रपूरचा, वणीचा पोरगा चौघांत एक खोली करून राहतो. भारताचा सामना लागला की त्या चौघांचे आठ होतात, आठाचे बारा. घरमालकीणबाई आधी ओरडतात, मग स्वतःच जिन्यावरून विचारतात, "किती जण येऊन राहिले रे? पोहे किती भिजवू?" सतरंज्या कमी पडल्या तर शेजारून येतात. सकाळी तर्री-पोहे होतात, दुपारी कुणीतरी सावजीच्या खानावळीत नेऊन पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी काढतं. यासाठी ना समिती लागते ना निधी. माझ्या मते नागपूरची ही फार मोठी कमाई आहे आणि ती कुठल्याही अहवालात नोंदली जात नाही.

अडचण उंबरठ्याच्या बाहेर सुरू होते.

विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं (व्हीसीए) जुनं मैदान सिव्हिल लाइन्समध्ये. रेल्वे स्टेशनवर उतरलेला माणूस विचारत विचारत पायी पोचायचा. २००८ मध्ये मोठे सामने जामठ्याला गेले. नवं स्टेडियम देखणं आहे, ४५ हजारांच्या आसपास माणसं बसतात, जुन्या मैदानाची दाटीवाटी तिथे नाही. हलवायला हवंच होतं. पण मैदान हललं तेव्हा प्रेक्षकाला तिथवर नेण्याची जबाबदारी कुणी सोबत हलवली नाही. जामठ्याची पहिली कसोटी आठवा. नोव्हेंबर २००८, समोर ऑस्ट्रेलिया, सौरव गांगुलीची शेवटची कसोटी, लक्ष्मणची शंभरावी. गांगुलीने पहिल्या डावात ८५ धावा केल्या आणि त्या पाहायला स्टँड बरेचसे रिकामे होते. बाहेरच्यांनी निष्कर्ष काढला की या शहराला कसोटी क्रिकेटचं प्रेम नाही. साफ चूक. कामाच्या दिवशी, शहराबाहेर इतक्या लांब जायचं आणि संध्याकाळी परत यायचं कसं, एवढाच प्रश्न होता. १२ मार्च २०११ ला विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनने १११ केल्या, त्या दिवशी तेच स्टेडियम ओसंडून वाहत होतं. शेवटच्या षटकात नेहराला मार पडला, आपण हरलो, आणि माणसांचा तो लोंढा काळोखात महामार्गाला लागला.

आता मेट्रो आहे. तिने मोठी सोय केली, हे मोकळेपणाने सांगतो. पण नंदनवनच्या माणसाने आधी आंबेडकर चौकात किंवा टेलिफोन एक्स्चेंजला पोचायचं, तिथून सीताबर्डी, बर्डीला गाडी बदलायची, मग खापरी. खापरीला रूळ संपतात, स्टेडियम मात्र अजून काही किलोमीटर पुढेच असतं. दुसऱ्या टप्प्यातला मार्ग बुटीबोरीकडे जायचा आहे, तो होईल तेव्हा होईल. तोवर बर्डीहून बुटीबोरीकडे जाणारी बस जामठ्यावरूनच जाते, ही गोष्ट आपल्याला इतकी पाठ झालीय की ती पाहुण्याला सांगायला हवी, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

हे सारं २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यावरून लिहितोय. तो सामना माझ्या डोक्यातून जात नाही.

केरळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रणजीच्या अंतिम फेरीत. आणि पोचले कसे! उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्या डावात एका धावेची आघाडी. उपांत्य फेरीत गुजरातविरुद्ध दोन धावांची. ४५७ ला उत्तर ४५५. गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाने जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात विसावला. गोलंदाज कोण? आदित्य सरवटे. आपला, नागपूरचा. त्याच सरवटेने २०१९ मध्ये जामठ्यावर सौराष्ट्राचे अकरा बळी घेऊन विदर्भाला दुसरा रणजी करंडक मिळवून दिला होता. आता तो केरळकडून खेळत होता, आणि केरळला घेऊन नागपूरलाच आला. इकडे विदर्भाच्या मधल्या फळीचा आधार कोण, तर करुण नायर, मल्याळी घरातला. नागपूरकर केरळच्या बाजूने, मल्याळी विदर्भाच्या बाजूने. कुणी कुणाला परकं म्हणायचं?

उपांत्य सामना २१ फेब्रुवारीला संपला. अंतिम सामना २६ ला. मधे चार दिवस. तिरुवनंतपुरमहून केरळ एक्सप्रेसने नागपूर म्हणजे जवळपास दीड दिवसाचा प्रवास, आणि चार दिवस आधी आरक्षण मिळणं किती सोपं असतं ते आपण सगळे जाणतो. तरी माणसं आली. इथे रेल्वेत, केंद्र सरकारच्या कार्यालयांत, रुग्णालयांत, शाळांत वर्षानुवर्षं राहिलेली मल्याळी कुटुंबं तर होतीच. सामन्याचा पहिला दिवस नेमका महाशिवरात्रीचा. अर्धा विदर्भ उपासाला, कितीतरी माणसं पचमढीच्या महादेवाला गेलेली. अशा दिवशी शहरात नवखा उतरलेला माणूस जामठ्याची वाट कुणाला विचारेल?

क्रिकेट मात्र त्याच्या प्रवासाचं चीज करणारं झालं. विदर्भ ३ बाद २४. मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांची दोनशेवर धावांची भागीदारी, मालेवारच्या १५३. केरळकडून सरवटेच्या ७९, कर्णधार सचिन बेबीच्या ९८. ९८! शतकाला दोन कमी आणि संघाचा डाव ३४२ वर संपला, विदर्भाच्या ३७९ पुढे ३७ कमी. दुसऱ्या डावात नायरने १३५ काढल्या आणि पाचव्या दिवशी, २ मार्चला, पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक विदर्भाचा झाला. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमात इतके आजवर कुणी घेतले नव्हते. विदर्भाचा तिसरा करंडक. आम्हाला आनंद झाला, व्हायलाच हवा.

पण हरून परत जाणाऱ्याचं काय? पाच दिवस दुसऱ्याच्या गावात, फेब्रुवारीअखेरीच्या टोचायला लागलेल्या उन्हात बसून जो आपल्या संघाला टाळ्या देतो, त्याच्याइतका खेळावर प्रेम करणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. जिंकणाऱ्याबरोबर सगळं शहर असतं. हरणाऱ्याला निदान स्टेशनपर्यंत नेणारी बस तरी हवी.

प्रेक्षकाला शेवटच्या रांगेत ठेवण्याची किंमत या शहराने एकदा मोजली आहे, म्हणून मी इतक्या हट्टाने बोलतोय. २६ नोव्हेंबर १९९५, सिव्हिल लाइन्सचं मैदान, भारत विरुद्ध न्यूझीलंड. न्यूझीलंडचा डाव संपून भारताचा सुरू व्हायच्या मधल्या वेळात स्टँडची भिंत कोसळली. सामना बघायला आलेल्या माणसांचे जीव गेले, कितीतरी जखमी झाले. सामना पुढे चालू राहिला. धावफलक शोधलात तर ॲस्टलचं शतक सापडेल, केर्न्सचं शतक सापडेल, ८ बाद ३४८ सापडतील. गेलेल्या प्रेक्षकांची नावं धावफलकावर नसतात. जामठ्याचं स्टेडियम पुढे जे भक्कम आणि प्रशस्त झालं, ते प्रत्येक वेळी पाहताना मला ती माणसं आठवतात. भिंतींची काळजी आपण शिकलो. भिंतीबाहेरच्या वाटेची काळजी शिकायची राहिली.

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नये. हावडा मार्गावरच्या गाडीत बसा आणि राउरकेल्याला उतरा. जानेवारी २०२३ च्या हॉकी विश्वचषकासाठी तिथे बिरसा मुंडा स्टेडियम उभं राहिलं, तेही बिजू पटनायक तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारात. २०,०११ आसनं. आसनव्यवस्थेच्या हॉकी स्टेडियमांत जगात सगळ्यांत मोठं म्हणून गिनीजने त्याची नोंद घेतली. हॉकीवर जीव टाकणाऱ्या सुंदरगड जिल्ह्याच्या गावागावांतल्या लोकांना विश्वचषक बघायला दूरच्या महानगरात जावं लागलं नाही, तो त्यांच्या गावाजवळ आला. खेळ कुठे ठेवायचा हे ठरवताना त्याचा प्रेक्षक कुठे राहतो, याचा विचार तिथे झाला.

अमेरिकेत तर कॉलेजांच्या बर्फावरच्या हॉकीची अंतिम स्पर्धा १९४८ पासून चालते. पहिली दहा वर्षं ती एकाच गावात, कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये भरली. आता दरवर्षी गाव बदलतं आणि आपापल्या कॉलेजचे रंग घालून माणसं त्या गावात सुट्टी काढून जातात. कॉलेजची स्पर्धा! आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मैदानाभोवती कोण असतं? हरलेल्या संघांची मुलं, दोन-चार क्रीडाशिक्षक आणि मंडपवाला. खेळाडूंचे आईबापसुद्धा नसतात, कारण पोराचा सामना कुठल्या मैदानावर, किती वाजता, हे त्यांना कुणी वेळेवर कळवलेलं नसतं. पोरगी विद्यापीठासाठी अंतिम सामना खेळते आणि तिच्या बापाला निकाल दुसऱ्या दिवशी फोनवर कळतो. मला हे सहन होत नाही. प्रेक्षक घडवावे लागतात, आणि ते अशाच मैदानांवर घडतात. ज्याने कॉलेजच्या सामन्यासाठी परगावी जाऊन रात्र काढली, तोच उद्या रणजीसाठी दीड दिवस गाडीत बसेल.

मग करायचं काय? फार पैशांचं काही मागत नाही. तिकिटाच्या मागे सध्या काय आणू नये याची यादी असते. त्याखाली दोन ओळी छापा: परतीची शेवटची बस किती वाजता आणि कुठून, शेवटची मेट्रो किती वाजता. रणजीसारख्या सामन्याला सहसा तिकीटच नसतं, तिथे गेटवर पाटी लावा, मराठी, हिंदी आणि पाहुण्या संघाच्या भाषेत. केरळ आला तर मल्याळम. पाटी रंगवणारे हात या शहरात भरपूर आहेत. खापरी ते जामठा आंतरराष्ट्रीय सामन्याला जशी जादा बसची धावपळ होते, तशी रणजीच्या पाच दिवसांसाठी सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी ठेवा. ऑटोचे दर आदल्या दिवशी जाहीर करा आणि ते मोडणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवणारा एक वाहतूक हवालदार द्या.

आणि नंदनवनकरांनो, आपणही. केडीकेची, इतर कॉलेजांची एनएसएसची पोरं दरवर्षी श्रमदानासाठी काम शोधत असतात. सामन्याच्या दिवशी स्टेशनवर, गणेशपेठला, बर्डीला चार-चार जण उभे करा. हातात शहराचा नकाशा, तोंडात "भाऊ, जामठ्याला जायचं का? या इकडून." ज्या पोरांच्या खोलीत बारा पाहुणे झोपतात, त्यांना हे शिकवावं लागणार नाही.

ऑक्टोबरमध्ये रणजीचा नवा मोसम सुरू होईल. पाटी रंगवायला तेवढा वेळ पुरतो.