ऐन मध्यावरची प्रार्थना

अमेरिकेतल्या ब्रेमर्टनच्या शाळेतले फुटबॉल प्रशिक्षक जोसेफ केनेडी सामना संपला की मैदानाच्या ऐन मध्यावर, ५० यार्डांच्या रेषेवर, गुडघे टेकत. शाळेने आडोशाची जागा देऊ केली. ती काही त्यांना मानवली नाही, प्रकरण कोर्टात गेलं. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांचा हक्क मान्य केला. हक्काबद्दल तक्रार नाहीच. पण दार लावून प्रार्थना करा, हे बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं येशूचं सांगणं त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नव्हतं.

कुणी म्हणेल, लाजराच्या कबरीपाशी येशूनेही चारचौघांत, त्यांना ऐकू जावं म्हणूनच, प्रार्थना केली. खरंय, पण तिथे पाठोपाठ मेलेला माणूस बाहेर आला, इथे गुणफलकही हलला नाही. प्रार्थना करताना बायबलमधल्या दानीएलाच्या खिडक्याही उघड्या होत्या म्हणावं, तर घर त्याचं स्वतःचं होतं आणि पुढ्यात कॅमेरे नव्हे, सिंह होते. उघड्यावरची प्रत्येक प्रार्थना नाटकी, असं मुळीच नाही. माणूस देवासाठी अडतो की जागेसाठी, एवढंच पाहावं. आठ वर्षं भांडून मिळालेल्या त्या जागेवर केनेडी २०२३ मध्ये एका सामन्यापुरते गुडघे टेकून आले आणि राजीनामा देऊन मोकळे झाले. घरच्या आजारपणाचं कारण होतं. शिवाय धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार शाळेबाहेरून अधिक चांगला होईल, असंही ते म्हणाले.